दोन ते सव्वादोन

१

आमच्या वॉर्डात सोळा खाटा आहेत. आठ खिडक्यांच्या बाजूला, आठ भिंतीच्या. एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्या काचेच्या आडोशामागे आमचं टेबल. सकाळची पाळी दोनला संपते, माझी दोनला सुरू होते. दोन ते सव्वादोन आम्ही दोघी त्या टेबलाशी बसतो आणि सकाळच्या सिस्टर मला वॉर्ड सोपवतात. कुणाला काय झालं, कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं. याला आम्ही ओव्हर म्हणतो. एवढी पंधरा मिनिटं खाटांपाशी आमच्यातलं कुणी नसतं. साफसफाईच्या मावशीही तेवढ्यात खाली जाऊन जेवून येतात.

सकाळच्या सिस्टरांना मी मनात घड्याळबाई म्हणायचे, कारण दोन वाजून सोळाव्या मिनिटाला त्या जिन्यात असायच्या. मी सगळं टिपून ठेवते म्हणून त्या मला वहीवाली म्हणायच्या. तोंडावर कुणीच म्हणत नसे, पण दोघींना माहीत होतं.

अकरा वर्षं आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. त्या म्हणायच्या काम केलं, मी म्हणायचे दाखवा. नऊ नंबरचं ड्रेसिंग बदललं म्हणायच्या आणि मी जाऊन बघावं तर जखमेवर नुसता कापूस, पट्टी सुटून उशाशी पडलेली. लघवीची पिशवी रिकामी केली म्हणायच्या, ती तुडुंब. एकदा मी त्यांना हाताला धरून खाटेपाशी नेलं. त्या कितीतरी वेळ पिशवीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी केली होती हो. देवाशपथ." मला त्यांची कीव आली. आपलं काम न करणाऱ्या माणसाला इतकं छान खोटं बोलता यावं, याचीही.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दोनला दहा कमी असताना गेले. घड्याळबाईंनी ओव्हरमध्ये ते सांगितलंच नाही. मी नाडी बघायला गेले तेव्हा मला कळलं. मी लेखी तक्रार केली. इनचार्ज सिस्टरांनी नियम काढला: जे काम राहिलं असेल ते जाणाऱ्या सिस्टरने एका पानावर लिहायचं, येणाऱ्या सिस्टरने मोठ्याने वाचायचं, आणि खाली दोघींनी सह्या करायच्या.

"झालं समाधान?" घड्याळबाई म्हणाल्या. "आता बघाच. उद्या परवा होणारं कामसुद्धा लिहून ठेवते. मग म्हणू नका, सांगितलं नाही."

मी हसले. मला वाटलं, मी जिंकले.

२

नियमाचा तिसरा दिवस. पानावर चार कामं होती, पहिलं सहा नंबरच्या गृहस्थांच्या पायाचं ड्रेसिंग. मी वाचलं, सही केली, ट्रॉली घेऊन गेले. पायाला कोरी पट्टी होती. चिकटपट्टीच्या चारही कोपऱ्यांना बारीक दुमड घातलेली, म्हणजे काढताना नखाने खरवडावं लागू नये. असं हल्ली कुणी करत नाही. आम्हाला शिकताना एकदा दाखवलं होतं, तेवढंच.

"आत्ताच झालं की," ते म्हणाले. "आणि रागावू नका सिस्टर, पण तुमच्यापेक्षा हात हलका आहे हो त्यांचा."

"कुणाचा?"

"त्या सिस्टरांचा. हात तेवढे पुसून यायला सांगा. सगळा पाय ओला केला माझा."

मला वाटलं, घड्याळबाईंनी दोनच्या आधी केलं असेल आणि लिहिताना विसरल्या असतील. पण पट्टीवरचं औषध अजून ओलं होतं. ते पाच-सात मिनिटांत सुकतं. आणि मला आठवत होतं, दोन ते सव्वादोन घड्याळबाई माझ्यासमोर बसून पेनचं टोपण चावत होत्या.

बाकीची तीन कामंही झालेली होती.

३

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी शक्यता लिहून काढल्या. मावशी? त्या खाली सगळ्यांबरोबर जेवत होत्या, मी दोनदा कँटीनमध्ये फोन करून खात्री केली. नातेवाईक? भेटीची वेळ चारची, तोवर दाराला कडी. शेजारच्या वॉर्डातली कुणी दयाळू सिस्टर? बावीस वर्षांच्या नोकरीत मी अशी सिस्टर पाहिलेली नाही.

मग मी एक दिवस दीडलाच गेले. दोन नंबरची खाट रिकामी होती. तिच्यावर मी स्वतः धुतलेली चादर घातली आणि उशीखाली येणाऱ्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक फुली मारली. ओव्हरच्या वेळी घड्याळबाईंच्या यादीखाली माझ्या हाताने एक ओळ जोडली आणि वाचली: "खाट दोन, चादर बदलणे."

"ती तर आत्ता तुम्हीच घातलीत ना?"

"सही करा."

"बरं बाई. तुमचं तुम्हाला माहीत."

सव्वादोनला मी खाटेपाशी गेले. चादर इतकी ताणलेली होती की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. फुली नव्हती. फुलीची चादर मळक्या कपड्यांच्या टोपलीत सगळ्यात वर होती, चौघडी घालून, आणि तिच्या कडांना बोटांच्या रुंदीचे ओले डाग होते.

मी ती टोपली दारामागे सरकवली आणि कामाला लागले.

इथे एक गोष्ट खरी लिहायला हवी. मी कुणाला काही सांगितलं नाही. मला बरं वाटू लागलं होतं. पुढचे आठ-नऊ दिवस मी पानावरची कामं वाचायचे आणि मग सावकाश उठायचे. रात्री घरी गेल्यावर आमचे हे म्हणाले, "हल्ली तुझे पाय सुजत नाहीत. कामावर जातेस की फिरायला?" मी हसण्यावारी नेलं. राहिलेलं काम होतंय, रोगी खूश आहेत, हात हलका आहे. मग तो कुणाचा का असेना.

४

अकरा नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या एक आजी होत्या. चाळीस वर्षं मशीन चालवलेलं. श्वास पुरत नव्हता, पण नजर शाबूत होती. पहिल्याच दिवशी माझी बाही चिमटीत धरून म्हणाल्या, "कुणी शिवला गं हा ड्रेस? काखेत नुसता चोळामोळा केलाय. सोड मला घरी, एका तासात नीट करून देते."

त्यांची एकुलती मुलगी लांब, दोन दिवसांच्या प्रवासावर. एके दिवशी दीडला मी कपडे बदलत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"सिस्टर, मी उद्या तीनपर्यंत पोचते. तोवर आई... खरं सांगा."

असा प्रश्न आला की आम्ही डॉक्टरांशी बोला म्हणतो. तसंच म्हणायचं असतं. पण माझी आई गेली तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या आईची नाडी मोजत होते. मी म्हणाले, "तू ये. मी आहे ना. तुझी आई तुला जिवंत दिसेल."

फोन ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसले. घड्याळबाईंनी पान पुढे सरकवलं. मी वाचू लागले. रोज वाचून वाचून जीभ आपोआप पुढे धावते.

"खाट पाच, इंजेक्शन. खाट नऊ, पाठीला मालिश. खाट अकरा, शेवटची तयारी."

शेवटची तयारी म्हणजे माणूस गेल्यावर आम्ही करतो ती.

"हे काय लिहिलंय?"

"डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ काढणार नाहीत. म्हणजे तुमच्याच पाळीत. लिहून मोकळी झाले. परत तक्रार नको माझ्यावर."

"अहो, त्या जिवंत आहेत!"

"म्हणून तर राहिलंय ना ते."

तेवढ्यात वॉर्डातून आवाज आला. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकण्याचा. सावकाश, एकेक.

मी उठले. घड्याळबाईंनी माझं मनगट धरलं. "आधी सही. उगाच मागून नाही म्हणाल." आणि मी सही केली. नुसती सही नाही, तारीख घातली, वेळ घातली. दोन वाजून आठ मिनिटं.

५

अकरा नंबरचा पडदा चारही बाजूंनी ओढलेला होता. मी तो बाजूला केला.

आजी सरळ उताण्या होत्या. मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाचे दोन बोळे. हनुवटीखालून डोक्यावर नेऊन घट्ट बांधलेली पट्टी. हात छातीवर एकावर एक. दोन्ही घोटे जोडून त्यांच्याभोवती गाठ. केस विंचरलेले. काम इतकं नीटनेटकं होतं की क्षणभर मी ते नुसतं बघत राहिले.

मग पट्टीखाली गाल हलला. नाकपुड्या फुलल्या. आजी श्वास घ्यायला धडपडत होत्या आणि त्यांना तोंड उघडता येत नव्हतं.

मी कात्री घातली. कापूस काढला. आजींनी मोठ्याने श्वास ओढला, खोकल्या, आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"कोण गं ती? एवढी कसली घाई तिला?"

"कशी होती, आजी?"

"डोळेच मिटले ना तिने आधी. हात ओले होते." त्या थांबून श्वास घेत राहिल्या. "बांधू नका गं मला. यायचीय अजून माझी पोर."

माझ्यामागे कुणीतरी उभं होतं. घड्याळबाई. दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती. आजींच्या पायांवरची गाठ मी अजून कापली नव्हती. घड्याळबाई त्या गाठीकडे बघत होत्या.

"हे तुम्ही..." मी बोलायला लागले आणि थांबले. त्या माझ्यासमोर बसलेल्या होत्या. माझं मनगट धरून.

सोळाव्या मिनिटाला त्या जिन्यात नव्हत्या. खाटेच्या कडेला बसून त्यांनी ती गाठ नखांनी सोडवली. कात्री घेतली नाही.

"वहीवाली," त्या पहिल्यांदाच तोंडावर म्हणाल्या, "अकरा वर्षं सांगतेय मी तुला. मी कामं करून जात होते."

"तो विषय आत्ता नको."

"तुला कधीच नको असतो."

टेबलावर जाऊन मी पानावरची ओळ खोडली. खोडून काही होणार नाही, हे मला खोडतानाच कळत होतं. वाचून तर झालं होतं. मग मी खुर्ची उचलून अकरा नंबरपाशी आणली. माझी इतर कामं घड्याळबाईंनी केली, पाच वाजेपर्यंत. रात्रीच्या ओव्हरला मी उठले नाही. रात्रीच्या सिस्टरांना खाटेपाशीच बोलावलं, रोग्यांची माहिती दिली आणि काय राहिलं ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, आजींना एकटं सोडू नका, एवढंच करा.

सकाळी साडेसातला घड्याळबाईंचा फोन आला. "बसलेय मी खुर्चीत. झोप आता."

६

झोप कसली. मी एक वाजताच वॉर्डात गेले. घड्याळबाई तिथेच होत्या, आजींची नाडी धरून. केसांची बट सुटून गालावर आली होती. इतक्या वर्षांत त्यांची बट सुटलेली मी पाहिली नव्हती.

"चहा?" मी विचारलं.

"उठायला लागेल. नको."

आजी शुद्धीत येत-जात होत्या. शुद्धीत आल्या की दाराकडे बघायच्या.

दोन वाजले. आम्ही टेबलाकडे गेलो नाही. पान लिहिलं नाही. मी पलंगाच्या उजव्या बाजूला, त्या डाव्या. पडदा ओढून घेतला होता. बाहेर ऊन होतं, खिडकीखाली कुणाची तरी मोटार मागे घेताना पीं पीं करत होती. सगळं इतकं रोजचं होतं की आपण दोन शहाण्यासुरत्या बायका काय करत बसलोय असं मला वाटलं.

मग हात धुवायच्या बेसिनचा नळ सुटला. मी घड्याळ पाहिलं. वीस सेकंदांनी बंद झाला. हात धुवायला आम्हाला जेवढा वेळ शिकवलाय, बरोबर तेवढा.

त्यानंतर पावलं. रबरी तळाची, दमलेल्या माणसाची. एक नंबरपाशी थांबली. दोनपाशी थांबली. राउंड घेताना आम्ही थांबतो तशी. तीन. चार. कुणी रोगी काही बोलला नाही. त्यांना वाटत असणार, सिस्टर आहेत.

अकरापाशी पावलं आली आणि पुढे गेली नाहीत. पडद्याखाली बोटभर फट होती. तिथे काही नव्हतं, असं मी लिहिणार होते. मी पाहिलं नाही, हे जास्त खरं आहे.

"बोलू नकोस," घड्याळबाई नुसत्या ओठांनी म्हणाल्या.

पडदा एकदम बाजूला झाला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघता निघता राहिली. इनचार्ज सिस्टर होत्या.

"काय चाललंय? टेबलावर कुणी नाही, आणि तुम्ही दोघी इथे मैत्रिणी मैत्रिणी खेळताय?"

"ओव्हर चालू आहे," घड्याळबाई म्हणाल्या.

"अडीच वाजलेत!"

"आज जरा जास्त आहे."

इनचार्ज सिस्टरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आमचं एकमत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या निघून गेल्या. जाताना पाय घसरला असावा, कारण त्या ओरडल्या, "इथे पाणी कुणी सांडलंय?"

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी आली. हातात बॅग तशीच. आजींनी तिला पाहिलं, हाताने जवळ बोलावलं आणि तिच्या कोटाचं वरचं बटण चाचपलं.

"लोंबतंय हे. जेवलीस का?"

"जेवले, आई."

"खोटं बोलतेस."

मुलगी हसली आणि रडली. मी आणि घड्याळबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलो. दोन तास त्या मायलेकी बोलत होत्या. म्हणजे मुलगी बोलत होती, आजी ऐकत होत्या. पाच वाजून वीस मिनिटांनी आजी गेल्या. मुलीच्या हातात हात, डोळे उघडे, शांत. मी दिलेला शब्द पाळला होता. मला वाटलं, संपलं.

७

मुलीला आम्ही पडद्याबाहेर स्टुलावर बसवलं.

"मी करते, तू जा घरी," मी घड्याळबाईंना म्हणाले. "तुझी पाळी संपून तीन तास झाले."

"अर्धवट टाकून नाही जात मी," त्या म्हणाल्या. "हे लिही तुझ्या वहीत."

आम्ही सुरुवात केली. अंग पुसलं. मी पापण्या मिटवून कापूस ठेवला. त्यांनी हनुवटीची पट्टी बांधली. हात छातीवर घेतले. पट्टीचा दुसरा तुकडा घेऊन मी पायांकडे वळले आणि थांबले. घोटे बांधलेले होते.

गाठीवर अजून बोटं होती.

पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं होतात तशी, पांढरी, सुरकुतलेली, नखं मुळापासून कापलेली. त्यांनी गाठीचं टोक आत खोचलं. त्यावरून एकदा अंगठा फिरवला, नीट बसलं ना म्हणून. मनगटापर्यंत पांढरी बाही होती. मनगटाच्या वर मी नजर नेली नाही.

"वर बघू नकोस," घड्याळबाई म्हणाल्या. त्यांचीही मान खाली होती.

बोटं गाठ सोडून पलंगाच्या पायथ्याच्या दांडीवर जाऊन टेकली. एकावर एक. ती वाट बघत होती. काम संपलं की आम्ही मोठ्या सिस्टरांसमोर उभ्या राहायचो, पुढचं काय म्हणून, तशी. दांडीवरून पाणी थेंबाथेंबाने जमिनीवर पडत होतं.

बाहेरून मुलीने विचारलं, "सिस्टर, काही राहिलंय का अजून? मी काही करू?"

बोटं किंचित उचलली गेली.

मला वॉर्डातलं एकेक राहिलेलं काम आठवलं. चार नंबरचं सलाईन संपत आलं होतं. सात नंबरची उद्या शस्त्रक्रिया, तिची तयारी व्हायची होती. पंधरा नंबरच्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल डॉक्टर सकाळी जे म्हणाले होते, तेही आठवलं. यातलं काहीही मी बोलले असते तर झालं असतं.

"नाही गं," मी म्हणाले. "काही राहिलं नाही. सगळं झालं."

दांडीवरची बोटं क्षणभर तशीच होती. मग ती खाली आली, घोट्यांपाशी, आणि गाठीचं खोचलेलं टोक बाहेर काढू लागली. न ओढता, न फाडता, अगदी हलक्या हाताने. गाठ सुटली. पट्टी उलगडून चादरीवर ठेवली गेली.

घड्याळबाईंनी मान वर केली. पायथ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या मला 'झालं' म्हणत आल्या होत्या, आणि झालेलं सगळं असंच सुटत आलं होतं.

ते ओले हात वर आले. आजींचे छातीवरचे हात त्यांनी बाजूला केले, एक डावीकडे, एक उजवीकडे. एका पापणीवरचा कापूस काढला, मग दुसऱ्या. हनुवटीच्या पट्टीशी आले तेव्हा मी माझा तळवा आजींच्या जबड्यावर दाबून धरला. ओल्या बोटांनी माझी बोटं एकेक करून बाजूला केली. रडणाऱ्या नातेवाइकांची आम्ही करतो तशी, समजुतीने. पट्टी सैल झाली. पण हात तिथून गेले नाहीत. अजून काहीतरी उलगडायचं असावं तसे ते छातीवर खाली सरकले आणि चादरीखाली गेले.

मी पुन्हा ठेवलेल्या तळव्याखाली जबडा हलला, आणि आतून श्वास ओढल्याचा आवाज आला.

पडद्यापलीकडे स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला.

"आई?" मुलगी म्हणाली.

पडद्याच्या कड्या हलल्या. तिची आई तिला जिवंत दाखवायचं मी कबूल केलं होतं. मी दोन्ही हातांनी पडदा आतून घट्ट धरला.